पांढऱ्या दगडांच्या अलीकडं

“ताऽऽक घ्या, ताऽऽक! गाऽऽर ताऽऽक!”

हाक दक्षिण टोकावरून निघायची, समोरच्या कड्याला जाऊन थडकायची आणि निम्मी होऊन परत यायची. ‘ताऽऽक’ एवढंच परत यायचं. मग हाक मारणारी हसायची आणि कड्याला म्हणायची, “तुला न्हाई रं मेल्या, पावण्यांना!” गिऱ्हाईक नसलं की डोक्यावरची चुंबळ काढून ती मी चुना मारलेल्या एखाद्या दगडापाशी टेकायची आणि गुणगुणत बसायची. आईच्या जात्यावरच्या चालीत आपले शब्द घालायची खोड होती तिला.

कड्याच्या कडंला, पांढरा माझा भाऊ
त्याच्या गं अलीकडं, नको जिवा भिऊ

ती सगू. खालच्या धनगरवाड्यावरच्या ठकूबाई ढेबेची थोरली लेक. एकोणिसाव्या वर्षी ती त्याच टोकावरून खाली गेली. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे, पण मला सांगायचंय ते तिच्या आईचं. त्या माउलीला मी एकदा आमच्याकडचे पॉइंट दाखवून आणले. सकाळी निघालो, दुपारपर्यंत टोकावर पोचलो. त्या दिवसानंतर ठकूमावशी माझ्याशी कधी बोलली नाही, आणि मीही अंगावर खाकी चढवली नाही.

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर म्हणाल, आम्ही येऊन गेलोय. आलाच असाल. स्टँडवर उतरलं की घोडेवाले गराडा घालतात. “तीन पॉइंट, सपाट वाट, म्हाताऱ्या माणसालाबी झेपंल!” आणि खरंच झेपते. झाडाखालून जाणारी, तांबड्या मातीची, लोण्यासारखी मऊ वाट आहे ती. वनखात्याचा नोकर म्हणून ती तशी राखायचं काम माझं होतं.

पावसाळ्याचे चार महिने आमचं गाव धुक्यात बुडालेलं असतं. दसऱ्याच्या आसपास ऊन पडलं की आम्ही वाटा उघडायचो. माजलेलं गवत कापायचं, खचलेल्या पायऱ्या बसवायच्या आणि सगळ्यात शेवटी दगड. तेव्हा लोखंडी कठडे नव्हते. कड्यापासून चार पावलं आत जांभ्याचे गुडघाभर दगड ओळीनं मांडलेले असायचे, चुना मारलेले. अलीकडं माणसाचं राज्य, पलीकडं देवाचं, असं आमचा म्हातारा मुकादम म्हणायचा. दर पावसाळ्यात कडा खालून थोडा थोडा खचतो. वरून हिरवंगार दिसतं, कळत काही नाही. म्हणून आधी पहारीनं जमीन ठोकत जायचं. भरीव असली तर ठण्ण वाजते, पोकळ असली तर ढब्ब. ढब्ब वाजलं की दगड मागं. सगळी ओळ मागं घ्यायची आणि मगच चुन्याची बादली उचलायची. एकेका टोकाला अर्धा दिवस जायचा. चुन्याला तेवढा वेळ लागत नाही. ऊन असलं तर घटकाभरात वाळतो, मग हात लावला तरी नुसती भुकटी बोटाला येते.

सगूला हे सगळं मीच शिकवलेलं. मी पहार आपटायचो आणि ती ताकाची कासंडी खाली ठेवून डोळे मिटून ऐकायची. “ठण्ण हाय, दादा. ऱ्हाऊ द्या त्याला हितंच.”

तर तो दिवस. सगूला जाऊन सतरा वर्षं झालेली. मी मुकादम झालो होतो, माझी दोन पोरं शाळेत जात होती. दसरा होऊन चार दिवस झालेले. चौकीसमोर चुना भिजवत बसलो होतो, तर काठी टेकत एक म्हातारी वर आली. लुगड्याचा रंग उडालेला, काखेत बोचकं.

“लक्षू उतेकर हितंच असतो न्हवं?”

“मीच लक्षू.” मी वर बघितलं आणि बादलीतला हात बादलीतच राहिला. “मावशी? ठकूमावशी?”

“वळखलंस म्हणायचं. मला वाटलं, साहेब झालास.”

सतरा वर्षांत ती वर आली नव्हती. तिच्या घरचं दूध तिचा नवरा आणायचा, तो गेल्यावर सुनेनं आणायला सुरुवात केली. मी त्या दोघांनाही लांबून टाळत आलो होतो. खालून दीड तासाची चढण, ती या म्हातारीनं अंधारात सुरू केली असणार.

“पाणी घे, मावशी.”

“पाणी पिते. पर तू ऊठ. मला न्यायचंय तुला.”

“कुठं?”

“तितंच.” तिनं पाणी पिऊन पदरानं तोंड पुसलं. “डोळ्यात मोती झालाय. उजव्यात तर नुसतं पांढरं. डाक्टर म्हनला, दिवाळी झाली की कापू. कापल्यावर दिसंल न दिसंल, कुणाला म्हाईत? म्हणलं, त्याच्या आधी एकदा जागा बघून घेऊ.”

तिनं बोचक्याची गाठ सोडून मला दाखवलं. खणाचा तुकडा, नारळ, हिरव्या बांगड्या. बांगड्या गवतात गुंडाळलेल्या, चढताना फुटू नयेत म्हणून.

“बिनलग्नाची गेली. तिचं हिरवं माझ्याकडं ऱ्हायलंय.”

मी म्हणालो, “मावशी, आज आमचे साहेब पाहणीला यायचेत. बरोबर माणूस देतो, तो नेईल.”

“दुसऱ्या माणसाला काय म्हाईत? त्या दिवशी सगळ्यात आधी तू पोचलास तितं. तुझ्या साहेबाला म्हणावं, ठकी सतरा वर्सांनी आलीय, बस घटकाभर.” मग आवाज खाली आला. “सोप्या वाटंनं ने बाबा. गुडघं गेल्यात. पावण्यांना नेत्यात न्हवं, त्या वाटंनं.”

जवळच्या पायवाटेनं दक्षिण टोक वीस मिनिटांवर आहे. मी तिला लांबच्या वाटेनं नेलं. तिला बरं वाटलं, लक्षूनं माझ्या गुडघ्यांची काळजी केली. मला फक्त टोक लांब ठेवायचं होतं.

पहिला लागतो दुर्बीण पॉइंट. तिथं शब्बीरभाई तिपाईवर दुर्बीण लावून बसायचा, तोंडपाठ यादी म्हणायचा. त्यानं ठकूमावशीलाही तीच म्हणून दाखवली.

“या मावशी. काय दाखवू? किल्ला, देऊळ, धरणाचं पाणी, धनगरवाडा?”

“धनगरवाडा दाव.”

त्यानं नळी फिरवून दिली. मावशीनं डावा डोळा लावला, आधी काहीच दिसेना, मग एकदम किंचाळली.

“अगं बया! ह्यो तर आमचा उकिरडा! अन् त्यो गोठा! ताडपत्री कुनी टाकली रं छपरावर, मला इचारलं न्हाई ते? आन् ही बघ, ही बघ भवानी, मी घरात न्हाई म्हणल्यावर उन्हाला पाय पसरून बसलीय! आन् म्हस सुटलीय की! ए शांते! म्हस गेली गं, म्हऽऽस!”

ती त्या नळीतच सुनेला ओरडत होती. रांगेतली दोन पोरं पोट धरून हसायला लागली. शब्बीरभाईही हसला. मावशीनं डोळा काढला आणि त्याच्याकडं बघितलं.

“आमी आंगूळ करतो ती पन दावत असशील.”

शब्बीरभाईनं दोन्ही कानांना हात लावले. “तौबा, मावशी! सकाळी दुर्बीण किल्ल्याकडं असते.”

“आमी बाया दुपारी करतो आंगूळ.”

बिचारा गोरामोरा झाला. पुढं बरीच वर्षं त्यानं यादीतून धनगरवाडा गाळला, हे मला ठाऊक आहे.

मावशी मात्र तिथून हलेना. नुसत्या डोळ्यांनी खाली बघत राहिली. “आमी खालनं वर बघतो तर ह्यो कडा आभाळाएवढा. आन् वरनं आमचं घर एवढंसं? चिमटीत मावंल.” मग म्हणाली, “सगूला रोज दिसत असंल की रं. हितं उभी ऱ्हाऊन बघत असंल, आई भांडतीय का शेण काढतीय.”

मी म्हणालो, “चल मावशी, ऊन व्हायच्या आत पोचू.”

“एवढी घाई हाय तर लांबनं कशापायी आणलंस?”

दुर्बीण पॉइंट सोडला की वाट जांभळीच्या दाट रानातून जाते. कवडसे पडलेले, पायाखाली ओलसर पाचोळा. मावशी काठी टेकत, थांबत, झाडांची नावं घेत चालली होती. ह्यो हिरडा, ह्याची साल औषधाला, कुनी सोलली अशी उघडी? पर्यटकांची एक जोडी हातात हात घालून समोरून आली, तशी ही वाटेच्या कडेला सरकली आणि पदर पुढं ओढला. ती जोडी लांब गेल्यावर म्हणाली, “नवी दिसत्यात. तुझं लगीन पन त्याच वर्साला झालं हुतं, न्हाई? सगू सांगायची, लक्षूदादाची बायको लई लाजाळू हाय म्हणून.”

“हो. त्याच वर्षी, वैशाखात.”

“मंग ती पैली दिवाळी. सासरवाडीनं दिवाळसणाला बोलावलं असंल तुला.”

“बोलावलं होतं.”

“गेलास?”

“नाही गेलो.”

तिनं चालता चालता माझ्या दंडावर हात ठेवला. खरबरीत, हलका हात. “माझ्या पोरीपायी तुझा पैला सण बुडाला बाबा.”

दंडावरचा हात तिनं काढला तरी तो तिथंच आहे असं वाटत राहिलं.

दुसऱ्या पॉइंटवर बाकडी आहेत. तिथं एका बाईची टपरी, कणसं आणि ताक विकायची. मावशीला दमलेली बघून तिनं आपण होऊन पेला भरून पुढं केला. मावशीनं तोंड फिरवलं.

“चांगलं हाय आजी, म्हशीचं हाय.”

“वास आला की कळतं मला, म्हशीचं हाय आन् कालचं हाय. तुला न्हाई म्हणवत न्हाई, पर मी ताक पित न्हाई.”

“धनगराची बाई आणि ताक पीत नाही?” टपरीवाली हसली.

“सतरा वर्सं न्हाई पेली,” मावशी म्हणाली आणि बाकाच्या टोकाशी अंग चोरून बसली. टपरीवाली गिऱ्हाइकाकडं वळल्यावर ती माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

“तुला ठावं न्हाई. कुनालाच सांगितलं न्हाई मी. तिचा बाप मेला, त्यालाबी न्हाई. आदल्या सांजंला आमचं भांडान झालं हुतं. माझा धाकटा भाऊ हाय न्हवं, ईठू? त्याला द्यायची हुती मी सगूला. मामाचा हक्कच असतुया. मी भावाला शबूद देऊन बसले. ही म्हणली, न्हाई करणार. मामाच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली, त्याला नवरा कसा म्हणू? म्हणली, आई, तूच सांग. मला काय सांगता येना. मंग मला राग आला. माणसाला सांगता येत न्हाई तवाच राग येतो बघ.”

समोरच्या दरीत एक घार नुसते पंख पसरून फिरत होती.

“मी म्हणलं, जा, त्या कड्यावरनं उडी टाक. पर माझ्या भावाला न्हाई म्हणू नगंस. ह्या तोंडानं म्हणलं, लक्षू. ती गप ऱ्हायली. सकाळी उठली, दही घुसळलं, लोनी काढून ठिवलं, ताक कासंडीत भरलं आन् आली वर. आन् दुपारी तिला झोळीत घालून आणली.”

“मावशी—”

“मला सांग, मरायला निघालेली पोर लोनी काढून ठिवती व्हय? कितीदा इचार केला. मंग वाटायचं, न्हाई, मुद्दाम न्हाई गेली, पाय सरला. रातभर असं वाटायचं. आन् सकाळी उठलं की पांढरं दगड डोळ्याम्होरं यायचं.”

“दगड?”

“तुझंच की. ती कवा दगडाच्या पलीकडं पाय टाकायची न्हाई. शेरडू गेलं तरी हितनंच दगूड मारायची. तूच शिकवलेलं तिला. मी आले त्या दिवशी वर, मला आठवतंय समदं, तुटलेली जागा दगडाच्या पार पलीकडं हुती. तीन पावलं पलीकडं. जिनं जल्मात कवा पलीकडं पाय टाकला न्हाई, ती तीन पावलं कशाला जाईल? मी सांगितल्यालं करायला. दुसरं काय?”

मी बाकावरून उठलो. पाणी पितो म्हणून टपरीमागं गेलो आणि तिथल्या पिंपाला धरून उभा राहिलो. पाणी प्यायलो नाही. परत आलो तेव्हा ती काठी घेऊन उभी होती.

“ईठूचं तोंड बघितलं न्हाई मी त्याच्यानंतर,” ती म्हणाली. “त्याचा काय गुन्हा? पर न्हाई बघितलं. दारात आला तर दार लावलं. त्योबी बिनलग्नाचा ऱ्हायला. एका शबदानं दोन घरं बसली. चल.”

दक्षिण टोकाला मुळात काही नाव नव्हतं. सगू गेल्यावर दोन वर्षांत घोडेवाल्यांनी त्याला लव्हर्स पॉइंट करून टाकलं. दक्षिण टोक बघायला कोण घोडा करणार? लव्हर्स म्हटलं की नवी जोडपी हमखास येतात. गोष्टही हळूहळू तयार झाली, वर्षावर्षाला अंगानं भरत गेली. मी ती हजारदा ऐकली होती. दगडांना चुना मारत खाली मान घालून ऐकायचो. कधी कुणाला थांबवलं नाही.

आम्ही रानातून उघड्यावर आलो तर टोकावर दहा-बारा माणसं, चार घोडी. चंदर घोडेवाला मध्यभागी उभा. बोलण्यात पटाईत, मनानं वाईट नव्हता. पोट होतं त्याचं त्याच्यावर.

“तर मंडळी, ती धनगराची पोर. नाव तिचं गंगा. दिसायला अशी, की दूध प्यायली तर गळ्यातून उतरताना दिसावं. एक फोटोग्राफर आला मुंबईहून. त्यानं तिचा फोटो काढला आणि तिनं त्याला काळीज दिलं. तो म्हणाला, पुढच्या हंगामात येतो. नाही आला. ती रोज इथं ताक घेऊन उभी राहायची, त्याच्या नावानं हाक मारायची. एके दिवशी या दगडांच्या पलीकडं गेली… आणि गेलीच. अजून पुनवेला हाक ऐकू येते. मारा तुम्ही, मारा! ताक म्हणा, ती जबाब देते.”

एका तरुणानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि आपल्या बायकोकडं बघत ओरडला, “ताऽऽऽक!”

समोरच्या कड्यावरून आलं, “…ताऽऽक.”

सगळी हसली. मग बायका, लहान पोरं, सगळीच ओरडायला लागली. ताक, ताक, ताक. कड्यानं एकेकाला इमानदारीत परत दिलं.

ठकूमावशी माझ्या शेजारी उभी होती. मला वाटलं ती खाली बसेल, रडेल, शिव्या देईल. ती सरळ चंदरपर्यंत चालत गेली.

“पोरा, त्या पोरीचं नाव गंगा हुतं?”

“हो आजी. गंगा.”

“आन् तिची आई? आई हुती का तिला?”

चंदर गोंधळला. त्याच्या गोष्टीत आई नव्हती. “असेल की आजी. आई कुणाला नसते?”

“मंग आईचं काय झालं, ते पन सांगत जा,” ती म्हणाली आणि वळली.

चंदरनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्याला काय समजलं कोण जाणे, त्यानं माणसं गोळा केली, घोड्यांवर चढवली आणि सगळी रानात शिरली. खुरांचा आवाज विरला. टोकावर आम्ही दोघं उरलो, वारा, आणि दगडांची ओळ. त्या वर्षी मी ते चार दिवस आधीच मागं घेऊन रंगवले होते. सतरा वर्षांत एकदाही पहार मारल्याशिवाय मी चुन्याला हात लावला नव्हता.

मावशी एका दगडापाशी बसली. हात लावून बघितला. बोटाला पांढरी भुकटी आली, तिनं ती डोळ्याजवळ नेऊन पाहिली.

“वाळलाय,” ती म्हणाली.

“चार दिवस झाले मारून.”

“त्या दिवशी वला हुता.”

मी दगडांच्या ओळीकडं पाठ केली.

“मी आले न्हवं वर, पोरीला आणायला मानसं खाली गेली तवा. हितं बसले हुते, अशीच. पदराला चुना लागला. वला, गिच्च. घरी गेल्यावर बघितलं तर पदर वाळून कडक झालेला. ते लुगडं मी धुतलं न्हाई. पेटीत हाय अजून. म्हणलं, तिच्या दगडाचा हाय, असू द्या.”

ती हे अगदी सहज बोलत होती. त्याच्यातून तिला काहीच काढायचं नव्हतं. सतरा वर्षं तो कडक पदर पेटीत ठेवून तिनं एकदाही असं म्हटलं नव्हतं, की लक्षूनं आदल्या दिवशी मारलेला चुना दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लख्ख उन्हात ओला कसा? तिनं आपल्यालाच गुन्हेगार ठरवून टाकलं होतं, मग दुसरीकडं बघायचं कारणच उरलं नव्हतं.

तिनं खण पसरला. त्यावर नारळ ठेवला, हिरव्या बांगड्या एकेक करून गवतातून सोडवून मांडल्या. बारा होत्या. एकही फुटली नव्हती. मग ती पुटपुटायला लागली, मला वाटलं देवाचं काही असेल. कान दिला तर सगूचीच ओवी.

कड्याच्या कडंला, पांढरा माझा भाऊ…

पुढची ओळ तिच्या तोंडून निघाली नाही. तिथंच घुटमळली.

“लक्षू.”

“हं.”

“कुठनं गेली, ती जागा दाव.”

मी बोट केलं. दगडांच्या पलीकडं, जिथं गवत संपून नुसती हवा सुरू होते तिकडं. आता तर तिथं तेव्हाचा कडाही राहिला नव्हता, सतरा पावसाळ्यांनी तो आणखी खाल्ला होता.

“एवढ्या पलीकडं,” ती म्हणाली. मान हलवत राहिली. “एवढ्या पलीकडं.”

मग तिनं माझ्याकडं तोंड केलं. एक डोळा पांढरा, एक ओला.

“तू दगड लावणारा मानूस. तुला जेवढं कळतं तेवढं कुनाला कळत न्हाई. पोलिसाला तू काय सांगितलंस ते मला म्हाईत न्हाई, मी इचारलं न्हाई. आज इचारते. माझा डोळा जायच्या आधी मला सांग. दगड दिसत असताना, लख्ख उन्हाचं, कुनी चुकून एवढ्या पलीकडं जाईल?”

पोलिसालाही मी त्याचंच उत्तर दिलं होतं. तोच प्रश्न, तीच जागा. ‘चुकून नाही जाणार, साहेब.’ चार शब्द. त्या चार शब्दांतून चंदरची गोष्ट निघाली, त्यातूनच विठूला बहिणीचं दार बंद झालं, त्यातूनच ही म्हातारी सतरा वर्षं ताकाच्या वासाला तोंड फिरवत आली. परत तेच म्हणालो असतो तर ती काठी टेकत उठली असती, मला आशीर्वाद देऊन उतरून गेली असती, आणि मी पेन्शनपर्यंत खाकी घालून दगड रंगवत राहिलो असतो. कुणाला काही कळलं नसतं. वारा पडला होता. खालून, फार खालून, म्हशीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज आला.

मी तिच्यासमोर खाली बसलो. तिच्या बांगड्यांच्या पलीकडं.

“नाही, मावशी. चुकून कुणी जाणार नाही. आणि सगू पण गेली नाही.”

“म्हंजी?”

“ती अलीकडंच उभी होती. ताकाची कासंडी घेऊन, दगडाच्या अलीकडं. तिथं, जिथं आता काही नाही, तिथं होती तेव्हा दगडांची ओळ. मला दिवाळसणाला जायचं होतं. सांजची गाडी धरायची होती. मी पहार मारली नाही, जमीन ऐकली नाही, गेल्या वर्षीचे दगड होते तिथंच नुसते रंगवले. गाडी चुकली. सकाळच्या गाडीनं जायचं म्हणून बादली न्यायला इथं आलो, तर तिनं मला लांबून हाक मारली. ‘ताक पिऊन जा, दादा,’ म्हणाली. आणि दगडासकट खाली गेली.”

ठकूमावशीनं पदराचं टोक मुठीत धरलं.

“माणसं खाली गेली, मी वर राहिलो. उरलेले दगड उचलून तीन पावलं मागं आणले. बादलीत चुना होता तो मारला. तुझ्या शब्दावर नाही गेली ती, मावशी. माझ्या दगडावर गेली. तुझ्या पदराला लागला ना, पेटीतल्या… तो चुना ती पडल्यावर मारलेला आहे.”